बेटा आणि गोरामी एकाच टाकीत: भांडण नेमके कशावरून होते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कुठल्या टाकीबद्दल आहे हे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्याकडे ६० लिटरची, दोन फूट लांबीची टाकी आहे. तिच्यात लांब परांचा एक नर बेटा (फायटर फिश), दोन निळे ड्वार्फ गोरामी, चार निऑन टेट्रा आणि एक कोरी (तळाशी राहणारा छोटा मिशीवाला मासा) आहे. सुरुवातीचा आठवडा-दीड आठवडा सगळे शांत होते. आता बेटाच्या शेपटीला खाचा पडल्या आहेत, एक गोरामी दिवसभर फिल्टरमागे दडून बसतो आणि खायलासुद्धा बाहेर येत नाही. दुकानदाराने सांगितले होते की बेटा आणि गोरामी एकाच कुळातले, त्यामुळे त्यांचे जमते. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की चूक कोणत्या माशाची, कुणाला बाहेर काढायचे आणि पुढे बेटासोबत काय ठेवायचे.

आधी आजच करायची गोष्ट सांगतो. बेटाला वेगळ्या टाकीत हलवा. १५ ते २० लिटरची साधी टाकी पुरते, पण तिला झाकण, हीटर आणि मंद चालणारा स्पंज फिल्टर हवा. बरणीत किंवा काचेच्या वाडग्यात ठेवू नका. थोड्या पाण्यात अमोनिया झपाट्याने चढतो आणि जखमी पर त्यातच कुजू लागतात. चालू फिल्टरमधल्या स्पंजचा एक तुकडा नव्या फिल्टरमध्ये घातलात तर माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू आपोआप सोबत जातील. जुन्या टाकीचे नुसते पाणी नेऊन हे साधत नाही, कारण हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंज, वाळू, दगड अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. तापमान २६ ते २७ अंश सेल्सियस ठेवा आणि पहिले काही दिवस पाणी स्वच्छ ठेवण्यापलीकडे काही करू नका. औषधाची बाटली लगेच उघडायची गरज नाही.

मात्र शेपटीच्या खाचा नीट निरखा, कारण पुढचा उपचार त्यावर ठरतो. कडा स्वच्छ असतील आणि छोटा अर्धगोल तुकडा काढल्यासारखे दिसत असेल तर कुणीतरी चावले आहे. कडा काळपट किंवा लालसर, विस्कटलेल्या असतील आणि दर दोन-तीन दिवसांनी आत आत सरकत असतील तर पर कुजत आहेत. तेव्हा मात्र औषधाचा विचार करावा लागतो. तिसरीही एक शक्यता असते. मोठ्या शेपटीचे बेटा कधी कधी स्वतःचीच शेपटी चावतात, विशेषतः फिल्टरचा झोत जोराचा असेल किंवा काचेत स्वतःचे प्रतिबिंब सतत दिसत असेल तर. वेगळे केल्यावरही नवे तुकडे जात राहिले तर हे कारण धरा. पर भरून येताना जुन्या कडेला पातळ, पारदर्शक पट्टी दिसू लागते. ती दिसली की बेटा सुधारतोय असे समजायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बेटासोबत चालणाऱ्या माशांची यादी सगळेच मागतात आणि अशा याद्या भरपूर मिळतात. मी मात्र कुणाचीही टाकी बघताना एकच गोष्ट आधी शोधतो: या टाकीत एकाच जागेवर हक्क सांगणारे किती जण आहेत? तुमच्या टाकीत त्याचे उत्तर तीन आहे आणि ती जागा म्हणजे पाण्याचा वरचा चार-पाच इंचांचा थर.

बेटा आणि गोरामी एकाच कुळातले, ही दुकानदाराची माहिती खरी आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. या माशांच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्याच्या मदतीने ते पाण्यावर येऊन थेट हवा घेतात. उथळ, संथ, झाडाझुडपांनी भरलेल्या आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात राहण्यासाठी हे साधन त्यांच्याकडे आले. बेटा मूळचा थायलंड आणि आसपासच्या भागांतला, ड्वार्फ गोरामी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पण दोघांची राहणी सारखीच. दोघेही श्वासासाठी वर येतात. दोघेही वरच्या थरातले किडे आणि अळ्या टिपतात. दोघांचेही नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतात आणि त्याच्या आसपास कुणालाही फिरकू देत नाहीत. बांधावरून कोर्टात जातात ते परगावचे लोक नसतात, भाऊबंदच असतात. इथेही तसेच आहे: ज्याची गरज आपल्यासारखीच, त्याच्याशीच भांडण.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तुमच्या दडून बसलेल्या गोरामीच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. मोकळ्या तळ्यात किंवा भातखाचरात दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुलवतात, पर ताणतात, एखाद-दोन चावे होतात आणि हरलेला निघून जातो. भांडण तिथेच संपते. टाकीत हरलेल्याला निघून जायला जागाच नसते. तो कोपऱ्यात जातो, जिंकलेल्याला तिथेही दिसतो आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो. त्यातून या माशांना दर थोड्या वेळाने हवा घ्यायला वर यावेच लागते, आणि वरचा थर तर दुसऱ्याच्या ताब्यात. म्हणजे प्रत्येक श्वासासाठी त्याला मारेकऱ्याच्या हद्दीत जावे लागते. अंगावर एकही जखम नसलेला गोरामी असा आठवडाभर राहिला तर खाणे सोडतो, रंग उतरतो आणि मग जो आजार आधी सापडेल त्याने जातो. लोक म्हणतात, “काही झाले नव्हते, अचानक मेला.” अचानक काहीच झालेले नसते.

त्याला कोण छळतोय, हे बेटाला हलवल्यावर दोन दिवसांत कळेल. माझा अंदाज असा की बेटा गेल्यावरही तो लगेच बाहेर येणार नाही, कारण तुमचे दोन्ही निळे गोरामी बहुधा नर आहेत. दुकानात रंगीत ड्वार्फ गोरामी म्हणून जे मिळतात ते जवळजवळ सगळे नर असतात. मादी फिकट चंदेरी असते, तिला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून ती क्वचितच येते. दोन फुटी टाकीत दोन नर म्हणजे एक राजा आणि एक कैदी. पहिला आठवडा शांततेत जातो कारण नव्या जागेत दोघेही घाबरलेले असतात. स्थिरावले की हद्दी आखल्या जातात. म्हणूनच ‘आठ दिवस झाले, सगळे ठीक आहे’ यावर मी कधीच विसंबत नाही. निदान महिनाभर जाऊ द्यावा लागतो.

शेपटी कुणी चावली? गोरामीने चावली असेल किंवा निऑननेही. निऑन हा झुंडीत राहणारा मासा आहे. आठ-दहा जण असले की त्यांचे लक्ष एकमेकांत असते. आपसांत पाठलाग, चढाओढ चालू राहते. चारच असले की ते बिथरतात, आणि समोर हळूहळू लहरणारी लांब शेपटी असली की तिला टोचे मारू लागतात. खात्री करायची असेल तर टाकीपासून पाच-सहा फूट लांब बसा आणि वीसेक मिनिटे हालचाल न करता बघा. जवळ गेलात की सगळे मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि भांडण थांबते. दिवा लागल्यानंतरचा पहिला अर्धा तास आणि खायला घातल्यानंतरची दहा मिनिटे, या दोन वेळांत खरे चित्र दिसते.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. बेटाच्या बाबतीत तर स्वभावाचा फरक इतका असतो की एकाच वेळी, एकाच आईबापांपासून झालेल्या भावांपैकी एक कोळंब्यांच्या घोळक्यात निवांत राहतो आणि दुसरा गोगलगाईच्या मिश्यासुद्धा शिल्लक ठेवत नाही. जातही बघावी लागते. हाफमून म्हणजे अर्धचंद्रासारख्या मोठ्या शेपटीचा बेटा जड आणि संथ असतो; सोबतच्या टाकीत तोच बहुधा मार खातो. प्लाकाट म्हणजे आखूड परांचा बेटा चपळ असतो. त्याला कुणी चावत नाही, पण तो ज्याच्या मागे लागतो त्याला गाठतो. टाकीची लांबी, झाडांची दाटी, कोण आधी आले, या सगळ्यांचा परिणाम होतो. त्यामुळे बेटासोबत काहीही ठेवणार असाल तर रिकामी पण चालू स्थितीतली दुसरी टाकी हाताशी हवी. तशी सोय नसेल तर बेटाला एकटाच ठेवा, असे मी स्वच्छ सांगतो. एकटेपणाने तो झुरत नाही. त्याला हवी असते ऊब, झाडे, संथ पाणी आणि स्वतःची हद्द.

तरीही सोबत ठेवायची असेल तर मी निवड कशी करतो ते सांगतो. पहिली कसोटी थराची. बेटा वर राहतो, म्हणून सोबती तळाचा किंवा मधला हवा. दुसरी कसोटी रूपाची. बेटा ज्याला प्रतिस्पर्धी समजेल असे काही नको: लांब लहरते पर नकोत, भडक मोठी शेपटी नको, बेटासारखी ठेवण नको. नर गप्पी याच कारणाने बाद होतो. त्याची शेपटी बेटाला दुसऱ्या नराची वाटते, आणि गप्पीला पाणीही जरा कठीण लागते. तिसरी कसोटी सवयीची. चावरे मासे नकोत. टायगर बार्ब, सर्पी टेट्रा, ब्लॅक विडो टेट्रा यांच्याबद्दल ‘मोठ्या झुंडीत ठेवले की चावत नाहीत’ असे सांगितले जाते. मोठ्या झुंडीत ते कमी चावतात हे खरे, पण लांब परांच्या संथ माशासमोर मी तो धोका पत्करणार नाही. चौथी कसोटी तापमानाची. बेटाला २५ ते २८ अंश लागतात. गोल्डफिश थंड पाण्याचा, शिवाय घाण भरपूर करणारा आणि खूप वाढणारा. त्याचा इथे प्रश्नच येत नाही. निऑनलाही २४-२५च्या आसपास बरे वाटते. २८ अंशांत ते जगतात, पण त्यांचे आयुष्य कमी होते. बेटासोबत टेट्राच हवे असतील तर मी एम्बर टेट्रा निवडतो. ते जेमतेम दोन सेंटिमीटरचे, उबदार पाणी सोसणारे आणि अगदी निरुपद्रवी असतात.

माझ्या अनुभवात बेटासोबत सर्वांत भरवशाचा झुंडीचा मासा म्हणजे हार्लेक्विन रासबोरा. अंगावर काळा त्रिकोण, आखूड पर, मधल्या थरात एकत्र फिरण्याची सवय, आणि बेटा अंगावर आला तर सहज निसटण्याइतका वेग. बेटा दोन-चार वेळा मागे लागतो, हाताला काही लागत नाही आणि नाद सोडतो. आठचा गट असला की ते घाबरून कोपऱ्यात बसत नाहीत. तळासाठी कोरी चांगल्या, पण किमान सहा हव्यात आणि खाली धारदार खडीऐवजी मऊ वाळू हवी, कारण त्या तोंड खुपसून खाणे शोधतात आणि खडीने त्यांच्या मिश्या झिजतात. कोरीमध्येही तापमान बघा. पांडा आणि पेपर्ड कोरी थंडाव्याच्या, तर स्टर्बाय कोरी उबदार पाण्यात छान राहते. कोरीसुद्धा मधूनच पृष्ठभागावर झेप घेऊन हवा गिळते, पण ती एका क्षणात खाली येते, म्हणून बेटा सहसा मनावर घेत नाही. कुहली लोच दिवसा लपणारे, रात्री फिरणारे. बेटाशी त्यांची गाठच पडत नाही. नेराइट गोगलगाय बहुतेक वेळा चालते. चेरी श्रिंप म्हणजे छोट्या लाल कोळंब्यांबद्दल मात्र मनाची तयारी ठेवा. मोठ्या श्रिंप दाट मॉसमध्ये टिकतात, पिल्ले बेटाचे खाणे होतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यापायी बऱ्याच टाक्या बिघडतात. काच साफ करायला म्हणून साधा प्लेको, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, आणला जातो. तो फूटभर किंवा त्याहून मोठा होतो, घाण प्रचंड करतो आणि दोन फुटी टाकीत त्याला जागाच नाही. शेवाळ जास्त होत असेल तर दिव्याचे तास आणि खाण्याचे प्रमाण कमी करा.

आता गोरामीबद्दल, कारण तुमची आवड बेटाइतकीच गोरामीची दिसते. ‘गोरामी’ या एका नावाखाली इतके वेगवेगळे मासे विकले जातात की जात नक्की न करता घेणे म्हणजे अंधारात उडी. निळा, सोनेरी आणि ओपलाइन गोरामी हे तीन वेगळे मासे समजून लोक एकत्र ठेवतात, पण ते तिन्ही एकाच थ्री-स्पॉट गोरामीचे रंगभेद आहेत. तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याचा नर तापट असतो. तुमच्याकडचे निळे ड्वार्फ वेगळे. पावडर ब्लू, निऑन ब्लू, फ्लेम ही सगळी त्या एकाच ड्वार्फ जातीची रूपे आणि आकार सात-आठ सेंटिमीटर. किसिंग गोरामी लहानपणी गोंडस दिसतो, पण ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याचे ते ओठाला ओठ लावणे म्हणजे ताकद आजमावणे असते. जायंट गोरामी तर ७० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, खाण्यासाठी पाळला जाणारा मासा आहे. चॉकलेट गोरामी दिसायला देखणा असतो, पण त्याला अतिशय मृदू, आम्ल पाणी लागते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन फुटी टाकीसाठी मला सर्वांत आवडतो तो हनी गोरामी. चार-पाच सेंटिमीटरचा, मधाच्या रंगाचा, भिडस्त मासा. विणीच्या काळात नराचा गळा आणि पोटाचा भाग गडद, जवळजवळ काळा होतो. एक जोडी किंवा एक नर आणि दोन माद्या ६० लिटरमध्ये नीट राहतात. घेताना मात्र नीट बघून घ्या. ‘सनसेट’ वगैरे नावाखाली कधी हनीचा लालसर प्रकार मिळतो, तर कधी ड्वार्फ. ड्वार्फच्या अंगावर सहसा निळ्या तिरप्या रेघांची छटा असते आणि अंग उंच असते; हनी सडपातळ असतो. टाकी तीन-चार फुटांची असेल तर पर्ल गोरामी घ्या. मोत्यांची जाळी अंगावर असलेला, बारा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा आणि मोठ्या गोरामींमध्ये सर्वांत सौम्य. पर्ल आणि थ्री-स्पॉटमध्ये नर-मादी ओळखायला पाठीवरचा पर बघा: नराचा लांब आणि टोकदार, मादीचा आखूड आणि गोलसर. पोटाखालचे ते दोन लांब धागे म्हणजे त्यांची बोटेच म्हणायला हवीत. गोरामी त्यांनी चाचपून आणि चव घेऊन परिसर ओळखतो. नव्या वस्तूला, झाडाला, दुसऱ्या माशाला तो आधी ते धागे लावून बघतो. चावऱ्या सोबत्यांमध्ये हेच धागे पहिल्यांदा तुटतात.

ड्वार्फ गोरामीबद्दल एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. या जातीत एक विषाणू पसरलेला आहे, इरिडोव्हायरस गटातला. त्यावर औषध नाही. मासा सुस्त होतो, रंग काळवंडतो, अंगावर फोड किंवा व्रण येतात, पोट फुगते आणि तो जातो. तुमचा दडलेला गोरामी आजारी आहे असे मी म्हणत नाही. वर्णनावरून तो दबलेला वाटतो. पण बेटा आणि दुसरा नर दोघेही दूर केल्यावर चार-पाच दिवसांतही तो खायला आला नाही किंवा अंगावर व्रण दिसले, तर त्याला वेगळाच ठेवा आणि त्याची जाळी, पाइप दुसऱ्या टाकीत वापरू नका.

इथवरचे दोन ओळींत सांगायचे तर: तुमच्या टाकीत वरचा थर तिघांनी मागितला आहे आणि मधल्या-तळाच्या थरातले मासे संख्येने इतके कमी आहेत की तेही बिथरले आहेत. म्हणून एकाला दोषी ठरवून बाहेर काढल्याने प्रश्न अर्धाच सुटेल.

मांडणीकडे वळू. मासे कमी-जास्त करताना टाकीतली मांडणीही बदला. दगड, लाकूड, झाडे यांच्या जागा बदलल्या की जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. मांडणी अशी हवी की टाकीच्या एका टोकाला असलेल्या माशाला दुसरे टोक सरळ दिसू नये. मध्यभागी उंच लाकूड किंवा व्हॅलिस्नेरियासारख्या लांब पानांची दाट रांग हे काम उत्तम करते. नजरेआड गेला की पाठलाग थांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. तरंगत्या झाडांची सावली या माशांना फार मानवते, पण सगळा पृष्ठभाग झाकू देऊ नका. श्वास घ्यायला निदान एक तृतीयांश भाग मोकळा हवा, आणि तोही दोन वेगळ्या ठिकाणी, म्हणजे एका ठिकाणी दादागिरी असली तरी दुसरीकडून वर येता येईल. पाण्याची पातळी काठापासून दीड-दोन इंच खाली ठेवा आणि झाकण लावा. बेटा आणि गोरामी दोघेही उडी मारतात. फिल्टरचा झोत भिंतीकडे वळवा किंवा स्पंजने मंद करा.

आणण्याचा क्रमही ठरलेला हवा. सर्वांत गरीब मासे आधी, हक्क सांगणारा शेवटी. रासबोरा आणि कोरी दोन-तीन आठवडे स्थिरावल्या की मग बेटा सोडावा. बेटा आधीपासून असेल तर त्याला दोन-चार दिवस बाहेर ठेवून, मांडणी बदलून, बाकीचे सोडून मग परत आणावे. नवे मासे थेट टाकीत सोडू नका. तीन ते चार आठवडे वेगळे ठेवा. पांढरे ठिपके, मखमली थर, आतड्यांतले कृमी, सगळे याच काळात उघड होते.

पाण्याबद्दल थोडक्यात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, शक्यतो २०च्या आसपास. आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदल. नवी टाकी तयार व्हायला, म्हणजे तिच्यात उपयोगी जिवाणू पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. हे इथे सांगण्याचे कारण असे की खराब पाण्यात शांत मासेही भांडतात. हवेतून श्वास घेता येतो म्हणून बेटा आणि गोरामी घाण पाण्यात बाकीच्यांपेक्षा जास्त काळ तग धरतात, आणि त्यामुळे पालकाला उशिरा कळते. हवा घेता आली तरी अमोनियाने कल्ले जळायचे थांबत नाहीत.

खाऊ घालण्यातही थरांचा विचार करा. बेटा मांसाहारी आहे. तरंगणारे चांगले पेलेट दिवसातून दोनदा, एका वेळी दोन-चार दाणे, अधूनमधून डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या). त्याला टाकीच्या एका टोकाला खायला घाला आणि त्याच वेळी झुंडीला दुसऱ्या टोकाला. बुडणारे दाणे कोरीसाठी दिवा मालवल्यावर टाका. नाहीतर बेटा त्यांचाही वाटा खातो, पोट फुगवून घेतो, आणि कोरी उपाशी राहतात. तळाचे मासे वरचे उष्टे खाऊन जगतात, हा समज अनेक कोरींच्या जिवावर बेतलेला आहे.

बरेच जण पुढे विचारतात म्हणून: नराऐवजी चार-पाच मादी बेटा एकत्र ठेवता येतील का? काही जणांना जमते. ९०-१०० लिटरची दाट झाडांची टाकी, एकत्र वाढलेल्या बहिणी आणि रोजची नजर, एवढे असेल तर काही महिने चांगले जाऊ शकतात. पण मादीही हद्द राखणारीच असते, आणि एखादी सकाळ अशी येते की सगळ्यात खालच्या पायरीवरची मादी मेलेली सापडते. मी हा प्रकार कुणाला सुचवत नाही.

तुमच्या टाकीसाठी माझा सल्ला असा. बेटा आता कायमचा २० लिटरच्या टाकीत एकटा राहू द्या. त्याच्या लांब परांना तेच योग्य आहे. दोन गोरामींपैकी दबंग असलेला परत देता आला तर द्या, दबलेल्याला ६० लिटरमध्ये राहू द्या. परत देणे जमत नसेल तर एकाला दुसरी टाकी लागेलच, त्याला पर्याय नाही. मग निऑन आठपर्यंत वाढवा आणि तापमान २५ अंशांवर आणा; बेटा तिथे नसल्याने निऑन आणि गोरामी दोघांनाही ते चालेल. एकट्या कोरीला तिच्याच जातीच्या पाच जणी आणा, आधी खाली वाळू आहे की खडी ते बघून. हे सगळे एका दिवसात करू नका. आधी गोरामी सावरू द्या, मग वेगळे ठेवून तपासलेले निऑन, मग कोरी, प्रत्येक टप्प्यात दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवून, म्हणजे फिल्टरलाही वाढता भार पेलता येईल.

तुम्ही दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत: टाकी सुरू होऊन किती दिवस झाले आणि नायट्राइट किती येतो. टाकी महिन्याभरापेक्षा नवी असेल किंवा नायट्राइट शून्याच्या वर असेल तर नवे मासे आणायचा टप्पा पुढे ढकला आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला. आकडे आणि कोरीचा एक बाजूने काढलेला फोटो पाठवा, म्हणजे ती कोणत्या जातीची आहे आणि २५ अंश तिला चालतील का, ते बघून सांगतो.